मूत्रपिंडाची कुळकथा

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर सौंदड नांवाचें एक स्थानक लागतें. पूर्वीं हें गांव भंडारा जिल्ह्यांत मोडत असे; १ मे १९९९ रोजीं त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हांपासून तें गोंदिया जिल्ह्यांत, सडक अर्जुनी तालुक्यांत आहे. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ताहि याच भागांतून जातो. परंतु प्रवाशाच्या ध्यानांत राहतात तीं दोहों बाजूंचीं भाताचीं शेतें, आणि त्या शेतांच्या मधून मधून पसरलेले तलाव व बोड्या. हा सारा तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजाच्या लोकांनीं, मोजणीचें कोणतेंहि यंत्र हातीं नसतां, केवळ जमिनीचा उतार नजरेनें ओळखून हे तलाव दोन-तीन शतकांपूर्वीं बांधले. नवेगांवचा विस्तीर्ण बांध हें त्यांच्याच विद्येचें फळ होय.

अशा एखाद्या तलावाच्या पाळीवर वैशाखांत घटकाभर बसलें असतां प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत शेंकडों पानें खर्चून सांगितलेली एक कथा समोर मांडलेली दिसते. पाणी आटत आलेलें असतें. उरलेल्या डबक्यांत रोहू-कटला कसेबसे तग धरून असतात. काठच्या चिखलांत मागूर आणि सिंघी हे मासे रुतून बसलेले असतात. ओलाव्याच्या आश्रयानें बेडूक राहतात, पाळीच्या बिळांत साप असतो, पलीकडच्या बांधींत सारसाची एखादी जोडी चालत असते (महाराष्ट्रांत हा पक्षी आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे), आणि पाण्यावर गुरें व माणसें येतच असतात. ज्यांस कणा आहे अशा प्राण्यांचे मत्स्य, मंडूक, सर्प, पक्षी आणि सस्तन हे पांचहि मोठे वर्ग एका तलावाकांठीं हजर असतात. यांतील प्रत्येकास अन्न हवें असतें हें कोणासहि दिसतें. त्या अन्नाच्या ज्वलनानंतर मागें राहणारी राख प्रत्येकास कोठेंतरी टाकावी लागते, आणि ती टाकण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं.

ही राख म्हणजे काय, तें आधीं पाहिलें पाहिजे. पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ शरीरांत जळले म्हणजे त्यांचा कर्बवायु व पाणी होतें. वायु श्वासावाटे जातो, पाण्याचा उपद्रव नसतो. अडचण येते ती डाळींतील, दुधांतील आणि मांसांतील प्रथिनांची. त्यांत नायट्रोजन असतो, आणि प्रथिनांचें विघटन होतांच त्या नायट्रोजनाचा अमोनिया होतो. अमोनिया हें जहर आहे. तें अंगांत थोडें साठलें तरी मेंदूवर परिणाम होतो. म्हणून तें एक तर पुष्कळ पाण्यांत विरवून ताबडतोब बाहेर घालविलें पाहिजे, नाहीं तर त्याचें रूप पालटून त्याची नांगी मोडली पाहिजे. रोहू-कटला पहिला मार्ग पत्करतात. त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया थेट तलावाच्या पाण्यांत जातो, आणि मूत्रावर त्याचा फारसा भार पडत नाहीं. मोठा झालेला बेडूक, गाय आणि मनुष्य हे अमोनियाचा युरिया करतात. युरिया पुष्कळ सौम्य असल्यामुळें त्याला अमोनियाच्या सुमारें दहावा हिस्सा पाणी पुरतें. साप आणि सारस याच्याहि पुढें जातात. ते युरिक आम्ल बनवितात, आणि तें पाण्यांत जवळजवळ विरघळतच नसल्यानें पांढऱ्या लगद्याच्या रूपानें बाहेर पडतें. छपरावर बसलेल्या पारव्यांनीं केलेले जे पांढरे डाग गृहिणी त्रासून घांसून काढते, ते म्हणजे त्या पक्ष्यांचें मूत्रच होय.

आज ही हकीकत पांच-दहा वाक्यांत सांगतां येते. परंतु तेथवर पोंचण्यास माणसाला दोन हजार वर्षें लागलीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें अनेक प्राणी चिरून पाहिले आणि नमूद केलें कीं, पक्ष्यांस व खवल्यांच्या प्राण्यांस मूत्राशय नसतो. अंडज प्राण्यांत तो एका कासवासच असतो. त्याचें निरीक्षण पुष्कळसें खरें होतें; कारण मात्र त्यास उमगणें शक्य नव्हतें.

आपल्याकडे सुश्रुताची कथा याहून मनोवेधक आहे. मूतखड्यावरील त्याची शस्त्रक्रिया प्रसिद्धच आहे. गुदद्वारांतून बोटें घालून खडा पुढें आणावयाचा, शिवणीच्या डाव्या बाजूस जवाएवढें अंतर सोडून छेद घ्यावयाचा, आणि टोंकाशीं वांकड्या असलेल्या शस्त्रानें खडा फुटूं न देतां समूळ काढावयाचा. कारण कण मागें राहिला तर तो पुन्हां वाढतो. ही क्रिया जिवावरची आहे, म्हणून ती करण्यापूर्वीं अधिपतीची अनुज्ञा घ्यावी, असेंहि तो बजावतो. पण शस्त्रक्रियेपेक्षांहि विचारार्ह आहे ती त्यानें दिलेली एक उपमा. नवा मातीचा घट गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवला, तर तोंडांतून थेंबहि आंत न जातां तो बाजूंनीं पाझरून भरतो, तसा मूत्राशय सूक्ष्म मुखांच्या हजारों वाहिन्यांनीं भरतो, असें तो म्हणतो. सच्छिद्र भिंतींतून पाझरणें ही कल्पना मूत्रोत्पत्तीच्या आजच्या ज्ञानाच्या अगदीं निकट आहे. परंतु येथें थोडें सावध राहिलें पाहिजे. हा घट म्हणजे सुश्रुताच्या मतें मूत्राशय, मूत्रपिंड नव्हे. वृक्कांचा उल्लेख तो करतो, पण त्यांचा संबंध रक्ताशीं आणि मेदाशीं जोडतो, मूत्राशीं नाहीं. आधुनिक शोध प्राचीन ग्रंथांत वाचण्याचा मोह पुष्कळांस होतो. सुश्रुताचा मोठेपणा त्याच्या नजरेंत आणि हातांत आहे, आणि त्याला या उसन्या श्रेयाची गरज नाहीं.

मूत्र मूत्रपिंडांत तयार होतें, हें सप्रयोग दाखविण्याचा मान गेलनकडे जातो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोममध्यें असा एक पंथ होता, कीं ज्याच्या मतें प्यालेलें पाणी वाफ होऊन सरळ मूत्राशयांत उतरतें व तेथें पुन्हां थिजतें. मूत्रपिंडें निसर्गानें उगीच केलीं आहेत. गेलननें वाद घालीत न बसतां जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्यानें बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला आणि बांधलेल्या वाहिन्या वरच्या बाजूस फुगल्या. दोरा सोडतांच मूत्र खालीं आलें. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग शास्त्राच्या इतिहासांत फारसा सांपडत नाहीं. तथापि त्या पिंडाच्या आंत काय घडतें, हा प्रश्न पुढें जवळजवळ पंधराशें वर्षें जेथल्या तेथेंच राहिला.

तो प्रथम हलला तो इटलींत. १६६२ सालीं पिसा येथील लोरेंझो बेलिनी या अवघ्या एकोणीस वर्षांच्या मुलानें दाखवून दिलें कीं मूत्रपिंड हा भरींव मांसाचा गोळा नसून सूक्ष्म नळ्यांचा भारा आहे. चार वर्षांनीं माल्पिघीनें रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां झाडावर फळें लागावीं तशा रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना लोंबणाऱ्या बारीक गुठळ्या त्यास दिसल्या. या गुठळ्या आणि बेलिनीच्या नळ्या यांचा संबंध काय, हें ठरण्यास पुन्हां पावणेदोनशें वर्षें लागलीं. १८४२ सालीं लंडनच्या विल्यम बोमननें सिद्ध केलें कीं प्रत्येक गुठळी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता असून तो नळीच्या फुगीर टोंकांत, पेल्यांत ठेवावा तसा, बसविलेला असतो.

रचना कळली, पण काम कसें चालतें यावर मोठें रण माजलें. जर्मनींतील कार्ल लुडविग म्हणे, रक्ताच्या दाबानें त्या गुंत्यांतून पाणी व विरघळलेले पदार्थ नुसते गाळले जातात, आणि पुढें नळींतून जातांना उपयुक्त भाग रक्तांत परत शोषला जातो. ब्रेस्लाउचा हाइडेनहाइन म्हणे, हें सर्व यांत्रिक आहे आणि जिवंत पेशींस न शोभणारें आहे. त्यानें १८७४ सालीं प्राण्यांच्या रक्तांत निळा रंग सोडला व तो रंग नळीच्या भिंतींतील पेशींत जमा झालेला दाखविला. म्हणजे पेशी स्वतः पदार्थ उचलून नळींत टाकतात. या दोन पक्षांत पन्नास वर्षें वाद झडला, आणि विद्यार्थ्यांनीं आपापल्या गुरूचा झेंडा घेऊन तो पुढें चालविला.

त्याचा निकाल अखेर एका बेडकानें लावला. बेडकाचें मूत्रपिंड पातळ व चपटें असल्यानें तें जिवंतपणीं सूक्ष्मदर्शकाखालीं पसरतां येतें. फिलाडेल्फियाचे वर्न आणि रिचर्ड्स यांनीं केसाहूनहि बारीक कांचेची नळी ओढून तयार केली आणि ती बोमनच्या पेल्यांत शिरवून आंतील द्रवाचा थेंब काढला. १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें त्या थेंबांत रक्तांतील साखर व मीठ होतें, मात्र प्रथिन नव्हतें. आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयांतील मूत्रांत साखरहि नव्हती आणि मीठहि नव्हतें. म्हणजे गाळणें खरें, आणि परत शोषणें हेंहि खरें. लुडविग जिंकला. पण पुरता नव्हे. थोड्याच वर्षांनीं मार्शल या अमेरिकन संशोधकानें समुद्रांतील कांहीं मासे तपासले. त्यांच्या मूत्रपिंडांत गाळणीचे गुंते मुळींच नसतात, तरी ते मूत्र तयार करतातच. अर्थात् नळीच्या पेशी पदार्थ उचलून टाकतात, हें हाइडेनहाइनचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. या दुसऱ्या सत्याची किंमत पुढें भारतांतील एका पक्ष्यानें फार मोठी दिली. ती हकीकत पुढें येईल.

मार्शल आणि त्याचा मित्र होमर स्मिथ यांनीं यावरून एक धाडसी अनुमान बांधलें. गोड्या पाण्यांत राहणाऱ्या माशाचें रक्त भोंवतालच्या पाण्याहून खारट असल्यानें त्याच्या अंगांत पाणी सतत शिरत असतें. तलावांतला रोहू पाणी पीत नाहीं म्हटलें तरी चालेल. पाणीच त्याच्यांत घुसतें, आणि त्यास रात्रंदिवस पातळ मूत्र सोडून तें उपसावें लागतें. त्यांच्या मतें गाळणीचा हा गुंता प्रथम निर्माण झाला तो घाण काढण्यासाठीं नव्हे, तर पाणी उपसण्यासाठीं. आणि म्हणून कणा असलेल्या प्राण्यांचे पूर्वज नदी-तळ्यांतले असले पाहिजेत. पूर्वज गोड्या पाण्यांतले होते या भागावर पुढें पुष्कळ आक्षेप आले, कारण अत्यंत प्राचीन धाटणीच्या कांहीं समुद्री प्राण्यांतहि हे गुंते आढळतात. परंतु मूत्रपिंड हें पाण्याचा व क्षारांचा जमाखर्च ठेवणारें खातें आहे आणि घाण काढणें हें त्याचें त्यांतील एक कलम आहे, ही दृष्टि मात्र टिकली. समुद्रांतील माशाची स्थिति रोहूच्या उलट असते. त्याच्या अंगांतून पाणी बाहेर ओढलें जातें, म्हणून तो समुद्र पितो आणि मूत्र जपून खर्चतो. मुशीची युक्ति तर आणखीच वेगळी. ती युरिया टाकून न देतां रक्तांत साठवून ठेवते आणि त्यायोगें समुद्राच्या पाण्याशीं तोल सांभाळते. शिळ्या मुशीला जो उग्र दर्प येतो व ज्यामुळें कोंकणांतल्या स्वयंपाकघरांत ती नीट धुऊन घ्यावी लागते, तो या साठविलेल्या युरियाचा अमोनिया झाल्याचा दर्प होय.

इकडे रसायनशास्त्रज्ञ आपल्या वाटेनें चालले होते. युरिया मूत्रांतून वेगळा काढला गेला तो १७७३ सालीं, रुएल या फ्रेंच रसायनज्ञाकडून. आणि मूतखड्यांतून युरिक आम्ल काढलें तें १७७६ सालीं शेले या स्वीडिश औषधविक्यानें. १८२८ सालीं व्होलरनें प्रयोगशाळेंत युरिया बनविला आणि मूत्रपिंडाच्या साह्यावांचून आपण तो केला, असें मोठ्या आनंदानें आपल्या गुरूस कळविलें. गंमत अशी कीं युरिया मूत्रपिंडांत तयार होतच नाहीं, ही गोष्ट जिनीव्हाच्या प्रेव्हो आणि द्युमा यांनीं त्यापूर्वींच, १८२१ सालीं, दाखविली होती. त्यांनीं प्राण्याचीं दोन्ही मूत्रपिंडें काढून टाकलीं. तरी रक्तांत युरिया दिसलाच, आणि दिसलाच नव्हे तर वाढत गेला. मूत्रपिंड हा कारखाना नसून दरवाजा आहे, हा त्याचा अर्थ. कारखाना यकृतांत आहे. तेथील कामाचें सबंध चक्र १९३२ सालीं हान्स क्रेब्स आणि त्याचा सहाय्यक हेन्सेलाइट यांनीं फ्रायबुर्ग येथें उलगडलें. पुढच्याच वर्षीं, केवळ ज्यू म्हणून, क्रेब्सला जर्मनी सोडावी लागली.

आतां पुन्हां तलावाकडे वळलें पाहिजे, कारण या चक्राची सर्वांत नवलाची साक्ष तेथील चिखलांतच आहे. बेडकाचें पिलूं पाण्यांत असतें तोंवर माशाप्रमाणें अमोनियाच टाकतें. शेपूट झडून तें जमिनीवर येण्याच्या बेतांत असतें, तेव्हां त्याच्या यकृतांत युरियाचें चक्र जोरानें फिरूं लागतें. अंड्यांतील पक्ष्याच्या पिलाचेंहि असेंच. जोसेफ नीडहॅम या केंब्रिजच्या संशोधकानें १९३१ च्या सुमारास असें मांडलें कीं कोंबडीचें पिलूं अंड्यांत आधीं अमोनिया, मग थोडा युरिया व शेवटीं युरिक आम्ल टाकतें, जणूं पूर्वजांचा सारा प्रवास तें एकवीस दिवसांत उरकतें. पहिल्या दोन पायऱ्यांचें प्रमाण इतकें अल्प असतें कीं हा सिद्धान्त पुढें कोणी शब्दशः स्वीकारला नाहीं. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. कवचांत कोंडलेल्या पिलाला घाण बाहेर टाकण्यास वाट नसते. विरघळणारी घाण त्याला मारील. न विरघळणारें युरिक आम्ल मात्र एका पिशवींत निमूटपणें पडून राहील. सापाची आणि सारसाची पांढरी विष्ठा ही त्या अंड्याची देणगी आहे.

आणि मागूर-सिंघी? मासा म्हटला म्हणजे अमोनिया, हा नियम पुस्तकांतून ठाम बसला होता. परंतु हे दोन मासे हवा घेऊं शकतात आणि पाणी आटलें कीं चिखलांत महिनोन् महिने तग धरतात. तेथें अमोनिया विरवावयास पाणी कोठून आणावें? १९८० नंतरच्या दशकांत शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठांतील साहा आणि राठा यांनीं या माशांचीं यकृतें तपासलीं, तेव्हां त्यांत युरियाचें पूर्ण चक्र चालूं असल्याचें आढळलें. पाऊस पडून तलाव भरला कीं मासा पुन्हां अमोनियाकडे वळतो. वैशाखांतील सौंदडकडच्या कोळ्याच्या टोपलींत जो सिंघी तडफडत असतो, त्याच्याजवळ पाण्यांतल्या आणि जमिनीवरल्या अशा दोन्ही संसारांची तयारी असते.

मनुष्याच्या अंगींहि या जुन्या संसारांच्या खुणा आहेत. गर्भांत मूत्रपिंडें एकामागून एक तीन वेळां घडतात. पहिलें जोड काम सुरू करण्यापूर्वींच विरतें. दुसरें, ज्याचा शोध १७५९ सालीं वोल्फनें कोंबडीच्या गर्भांत लावला, तें माशाच्या आणि बेडकाच्या कायमच्या मूत्रपिंडासारखें असून कांहीं आठवडे टिकतें. पुरुषांत त्याची नळी पुढें शुक्रवाहिनी म्हणून उपयोगांत येते. तिसरें जोड हेंच आपलें जन्मभराचें धन. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंस, मुठीएवढें आणि प्रत्येकीं सुमारें दीडशें ग्रॅम वजनाचें हें इंद्रिय हृदयांतून निघालेल्या रक्ताचा पांचवा हिस्सा एकटें घेतें. प्रत्येकांत सुमारें दहा लाख नळ्या असतात. दिवसाकांठीं त्यांतून जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सर्व परत रक्तांत जातो. घरांतील सगळा पसारा अंगणांत फेंकून मग कामाची वस्तू निवडून आंत न्यावी, अशी ही कारभाराची रीत वाटते. पण ती उधळी नाहीं. कारण कोणतें नवें विष उद्यां पोटांत येईल हें शरीरास ठाऊक नसतें, आणि या रीतींत अनोळखी वस्तू आपोआप बाहेर राहते. नळीचा एक भाग केसांच्या आंकड्याप्रमाणें खालीं जाऊन परत वर येतो. १८६२ सालीं हेन्लेनें तो वर्णिला, आणि त्याचें कार्य समजण्यास १९५० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. मूत्र घट्ट करून पाणी वांचविण्याची सस्तन प्राण्यांची शक्ति या आंकड्यांत आहे. वाळवंटांतील उंदरांत तो विशेष लांब असतो.

हा कारभार थांबला तर काय होतें, हें सौंदडच्या आसपासच्या भातशेतींत अनुभवानें ठाऊक आहे. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत घोणस चावते. तिच्या विषानें रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते, आणि उशीर झाला तर मूत्रपिंडें बंद पडतात. लघवी होत नाहीं, अंगावर सूज येते, आणि चावा बरा होत असतांना रोगी युरियानें मरतो. प्रतिविष वेळेवर मिळालें तर हें टळतें. मांत्रिकाच्या अंगणांत गेलेला तास मात्र परत मिळत नाहीं.

बंद पडलेल्या मूत्रपिंडांस विसावा देण्याचें यंत्र पहिल्यानें चालविलें तें विलेम कोल्फ या डच डॉक्टरानें, १९४३ सालीं, जर्मनांच्या ताब्यांतील हॉलंडांत. सॉसेज भरण्यासाठीं वापरीत ती सेलोफेनची नळी लांकडी पिंपावर गुंडाळून, तींतून रक्त फिरवून, क्षारांच्या पाण्यांत त्यानें तें धुतलें. सुश्रुताच्या पाझरत्या घटाची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं. पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ सालीं एक बाई वांचली. १९५४ सालीं बॉस्टन येथें एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविण्यांत आलें. १९६५ च्या मे महिन्यांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत मृताचें मूत्रपिंड बसविण्याचा भारतांतील पहिला प्रयत्न झाला. रोगी थोडेच दिवस जगला. १९७१ सालीं वेल्लोर येथें जिवंत दात्याकडून केलेलें रोपण यशस्वी झालें. त्यानंतर विद्येबरोबर बाजारहि आला. गरिबांचीं मूत्रपिंडें विकत घेतलीं जाऊं लागलीं, आणि त्यास आळा घालण्यासाठीं १९९४ सालीं कायदा करावा लागला. जिल्ह्याच्या रुग्णालयांतून गरिबांस रक्तशुद्धीची मोफत सोय देण्याची राष्ट्रीय योजना २०१६ सालीं सुरू झाली. ज्याचीं मूत्रपिंडें कायमचीं गेलीं त्यानें मात्र आठवड्यांतून दोन-तीन वेळां त्या यंत्राशीं जाऊन बसावें लागतें. रोजंदारीवर पोट असलेल्याचे तेवढे दिवस आणि गाडीभाडें सर्वस्वीं त्याच्या पदरचें जातें.

परंतु मूत्रपिंडाच्या रोगानें या देशांत जो सर्वांत मोठा संहार झाला, तो माणसांचा नव्हे. विदर्भांतील कोणत्याहि गांवाबाहेर मेलेलीं ढोरें टाकण्याची एक जागा असते. पूर्वीं तेथें गिधाडांचा थवा उतरला कीं घटका-दोन घटकांत हाडेंच शिल्लक राहत. १९९० नंतर हे थवे दिसेनासे झाले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभु प्रकाश यांनीं ही घट मोजून जगापुढें मांडली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं पंधरा-सोळा वर्षांत शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं होतीं. मेलेल्या पक्ष्यांचें पोट फाडलें असतां हृदयावर, यकृतावर, आंतड्यांवर खडूची भुकटी शिंपडल्याप्रमाणें पांढरा थर दिसे. तें युरिक आम्ल होतें. कारण सांपडलें २००४ सालीं, पाकिस्तानांत काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांस. दुखणाऱ्या गुरांना टोंचतात त्या डायक्लोफेनॅक नांवाच्या औषधाचा अंश मेल्या जनावराच्या मांसांत उरतो, आणि त्यानें गिधाडाचीं मूत्रपिंडें दोन दिवसांत मरतात. पक्ष्याचें युरिक आम्ल गाळणीनें फारसें जात नाहीं. नळीच्या पेशीच तें उचलून बाहेर टाकतात. हाइडेनहाइन ज्या पेशींसाठीं भांडला, त्या मेल्या कीं युरिक आम्ल रक्तांतच राहून अंतर्भागांवर साचतें. जें आम्ल न विरघळण्याच्या गुणामुळें अंड्यांतील पिलास वांचवितें, तेंच त्या गुणामुळें मोठ्या पक्ष्याचा घात करतें.

मुंबईंत मलबार टेकडीवरील दख्म्यांत गिधाडें येईनाशीं झालीं, तेव्हां पारशी समाजास अंत्यविधीसाठीं सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. गांवोगांव कुत्रीं वाढलीं. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बंद केलें. माणसांच्या वापराच्या मोठ्या कुप्या त्याऐवजीं गोठ्यांत जाऊं लागल्या, म्हणून २०१५ सालीं कुपीचें माप तीन मिलिलिटरवर आणलें. २०२३ सालीं केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक हीं आणखी दोन औषधें गुरांसाठीं वर्ज्य ठरलीं. मेलोक्सिकॅम हें औषध गुरांस तितकेंच गुणकारी असून गिधाडास बाधत नाहीं, असें २००६ सालींच सिद्ध झालें होतें.

२०२४ च्या आरंभीं हरयाणांतील पिंजोर येथील पैदास केंद्रांतून कांहीं गिधाडें विदर्भांत, ताडोबा आणि पेंच येथें आणण्यांत आलीं. कांहीं महिने पिंजऱ्यांत ठेवून त्यांस मोकळें सोडलें. त्यांच्या पाठीवर लहान यंत्रें बांधलेलीं आहेत. पक्षी कोठें उडाला, कोणत्या रानांत बसला, हें त्यांवरून कळतें. कांहीं गिधाडें राज्याची हद्द ओलांडून फार दूर गेलीं. वाटेंत ज्या गांवांवरून तीं फिरतात, तेथील मेल्या बैलाला शेवटच्या दिवशीं कोणतें औषध टोंचलें होतें, तें मात्र यंत्रावर उमटत नाहीं.